बोगद्यापाशी थांबणारी बाई

माझी आत्या भांडखोर नव्हती. भांडखोर माणूस ओरडतो, दारं आपटतो आणि संध्याकाळपर्यंत विसरून जातो. आत्याचा आवाज कधी चढलाच नाही. ती मनात धरून ठेवायची. लहानपणी माझ्या बाबांनी तिच्या संग्रहातला एक शिंपला फोडला, तर ती वर्षभर त्यांच्याशी फक्त गरजेपुरतं बोलली. हे बाबाच सांगायचे, आणि सांगताना पन्नाशीतही थोडे कावरेबावरे व्हायचे.

ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. उंच, सडपातळ, पाय एवढे मोठे की बूट पुरुषांच्या दुकानातून आणावे लागायचे. मुली मागे तिला ‘काडी’ म्हणायच्या आणि ते तिला ठाऊक होतं. लग्न केलं नव्हतं. आमच्या पुढच्याच गल्लीत, सायकलच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर पिसं, शंख आणि बरणीत ठेवलेली सापाची कात. माझी आई तिच्याकडे गेली की त्या खिडकीकडे पाठ करून बसायची.

शहराच्या पाठीमागे डोंगर आहे. शेवटच्या बसथांब्यावर उतरलं की पाच-दहा मिनिटांत पायवाट लागते. तरी शहरातली निम्मी माणसं जन्मात तिकडे फिरकली नव्हती. आत्यानं दर रविवारी सकाळी तिथे फेरी न्यायला सुरुवात केली. आधी शाळेच्या मुली, मग त्यांचे आईवडील, मग कुणीही. एका फेरीत ती फार लांब जायची नाही. बसल्या जागी अर्धा तास मुंग्यांचं वारूळ दाखवायची. जिथून दगड काढून शहरातलं कोर्ट बांधलं, ती खाण दाखवायची आणि त्याच खाणीच्या भिंतीत पाकोळ्यांनी कशी घरटी केलीत ते दाखवायची. उतारावर पसरलेली घाणेरी दाखवून सांगायची, "ही इथली नव्हे. कुणीतरी बागेला कुंपण हवं म्हणून आणली. बाग गेली, माणूस गेला, ही बसली हातपाय पसरून." लोक हसायचे. आत्या हसायची नाही, पण तिला आवडायचं.

तिच्या जोडीला एक फोटोग्राफर होता. कोर्टासमोर त्याचा स्टुडिओ होता, पासपोर्टचे फोटो काढायचा. एकदा फेरीला आला आणि मग येतच राहिला. गोरा, गुबगुबीत, आवाज भरदार. माणसं गोळा करणं त्याच्या हातचा मळ होता. आत्या म्हणायची, "पायाखाली बघा," आणि तो म्हणायचा, "आता जरा वर बघा, आणि हसा." दोघांचं छान जमायचं. माझ्या आईला तर आशा वाटायला लागली होती. ती एकदा आत्याला म्हणाली, "माणूस बरा आहे हो." आत्या म्हणाली, "बरा आहे, पण वटवाघळांना घाबरतो." तो विषय तिथेच संपला.

वटवाघळं राहायची बोगद्यात. नळ यायच्या आधी शहराला पाणी डोंगरापलीकडच्या तलावातून यायचं, आणि ते आणायला डोंगराच्या पोटातून बोगदा खोदला होता. दोन्हीकडून माणसं छिन्नी-हातोड्यानं फोडत आली आणि मधोमध भेटली. हवेसाठी वरून झरोके पाडले होते. पाणी कधीच बंद झालं होतं. आत्या लोकांना बोगद्याच्या तोंडाशी उभं करायची, आतला गारवा अंगावर घेऊ द्यायची आणि सगळं सांगायची. पण एक पाऊल आत टाकू द्यायची नाही. पिलं असतात, आणि छताचा भरवसा नाही, हे ती दर रविवारी त्याच शब्दांत बजावायची.

एका रविवारी फोटोग्राफरनं आपल्या भाचीला आणलं. बहिणीची मुलगी, नुकती नर्सिंगच्या शिक्षणाला लागलेली, हसरी. आदल्या आठवड्यात पाऊस होऊन गेला होता. बोगद्यापाशी थांबून झालं, आणि आत्या मंडळींना घेऊन पुढच्या वळणावर गेली. तिथे एका जागी माती खचली की जुने शंख उघडे पडतात. ती खाली बसून ते दाखवत होती, तेवढ्यात मागून आवाज आला. धाडकन नाही, ती नंतर म्हणायची. कुणीतरी पोतं ओतावं तसा.

फोटोग्राफर बोगद्याच्या बाहेर उभा होता, हातात कॅमेरा. आत, पहिल्या झरोक्याखाली, छताचे दगड सुटून त्याची भाची अडकली होती. आत्या आत गेली. दगड हातानं ओढून काढले, नखं तुटली. गळ्यातला रुमाल काढून मुलीच्या मांडीला आवळून बांधला आणि फेरीतल्या दोन पुरुषांच्या मदतीनं तिला बाहेर काढलं. डॉक्टर नंतर म्हणाले, रुमाल बांधला नसता तर मुलगी दवाखान्यापर्यंत पोचलीच नसती. मुलगी वाचली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशी झाली. फोटोग्राफरनं जबाब दिला, "बाईंनीच सांगितलं, आत जा, काही होत नाही. मी आपला त्यांच्या शब्दावर विसंबलो."

फेरीतली माणसं पुढे होती. आत्या काय म्हणाली, काय नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकेना. आत्या दर वेळी बजावते, असं दोघेचौघे म्हणाले. त्या दिवशी बजावलं का? बजावलं असेल, असं म्हणाले. ‘असेल’ला चौकशीत किंमत नसते. उरली ती मुलगी. तिनं दवाखान्यातल्या खाटेवरून सांगितलं, "मला काही आठवत नाही."

शाळेनं आत्याला बोलावून घेतलं. मुख्याध्यापिकाबाई रडल्या म्हणे, आणि रडता रडता राजीनाम्याचा कागद पुढे सरकवला. मुलींच्या आया रस्त्यात आत्याला पाहून पलीकडच्या कडेनं जायला लागल्या. डोंगरावरच्या फेऱ्या बंद झाल्या. बोगद्याला लोखंडी जाळीचं दार लागलं.

आत्याला एका चष्म्याच्या दुकानात काम मिळालं. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, एक डोळा झाकायचा आणि म्हणायचं, "खालची ओळ वाचा." त्या कामात तिची ती वर्षं गेली. आमच्याकडे जेवायला यायची, माझ्या अभ्यासाचं विचारायची, आणि फोटोग्राफरचं नाव कुणी काढलं तर पाणी प्यायला उठून जायची. बाबांना वाटलं, सावरली. मला तसं वाटलं नाही. तिच्या तोंडाला एक प्रकारची घडी पडली होती, इस्त्री करून बसवल्यासारखी.

मग फोटोग्राफरनं फेऱ्या पुन्हा सुरू केल्या. आता त्या एकट्याच्या होत्या. सगळ्यांना सारख्या टोप्या, याच्या गळ्यात शिट्टी, हातात कर्णा. रस्त्याच्या कडेला फलक लागले, त्यावर डोंगर आणि पुढे हा. महापालिका त्याला डोंगराच्या पायथ्याशी माहिती केंद्र काढून देणार, अशी बातमीही आली. त्या बातमीत त्याला ‘या डोंगराची शहराला ओळख करून देणारा पहिला माणूस’ म्हटलं होतं.

आत्यानं ती बातमी आमच्या स्वयंपाकघरात उभ्यानं वाचली. पेपर नीट घडी करून बाबांच्या हातात दिला. म्हणाली, "रविवारी मी जाते फेरीला."

"कुणाच्या?" बाबांनी विचारलं.

"आता एकच फेरी आहे ना?"

आईनं मला डोळ्यांनी खुणावलं, तू जा सोबत. मी तेव्हा नुकती नोकरीला लागले होते, रविवारी झोपायचं असायचं. तरी गेले.

बसथांब्यावर तिला पाहून फोटोग्राफरचा चेहरा उतरला. पण समोर तीसेक माणसं होती. तो हसला. "बाई, तुम्ही? या, या."

"तुम्ही काय दाखवता ते बघायला आले," आत्या म्हणाली. तिकीट घेतलं, टोपी घेतली, घातलीसुद्धा. आणि रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभी राहिली.

खाणीपाशी त्यानं पूर्वीच्या कुठल्याशा राजाच्या खजिन्याची गोष्ट सांगितली. मी आत्याकडे पाहिलं, ती शांतपणे ऐकत होती. मग बोगदा आला. तो कर्ण्यातून म्हणाला, "इकडे काही नाही मंडळी, पुढे चला, पुढे पाकोळ्या बघायच्या आहेत." मंडळी पुढे निघाली. आत्या मात्र जाळीच्या दारासमोरच्या दगडावर बसली. चांगली ऐसपैस, पिशवी मांडीवर घेऊन.

रांगेत एक निवृत्त वॉर्डसिस्टर होती. तिला सगळ्याची चौकशी असायची. ती मागे वळली. "दमलात का हो? आणि हे कसलं दार?"

आत्या म्हणाली, "त्यांना विचारा."

झालं. सिस्टरनं लगेच मोठ्यानं विचारलं, "अहो फोटोग्राफर, हे दार कसलं?"

तो मागे आला. आत्या त्याच्याकडे बघत बसली होती. तो म्हणाला, "जुना बोगदा आहे. इथे एक अपघात झाला होता. फार वर्षं झाली."

"कसला अपघात?"

"दगड पडले. चला, ऊन वाढतंय."

एवढंच. परत येताना बसमध्ये मी आत्याला म्हटलं, "हे कशासाठी?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुढच्या रविवारी बघ."

पुढच्या रविवारी नवी माणसं होती, पण आत्या तिथेच बसली आणि कुणीतरी विचारलंच. दगडावर एक बाई हटून बसली की कुणीतरी विचारतंच. "त्यांना विचारा," आत्या म्हणाली. त्या दिवशी तो म्हणाला, एक मुलगी स्वतःहून आत शिरली होती. त्याच्या पुढच्या रविवारी, एक शिक्षिका होती, तिचा हलगर्जीपणा. हे तो आत्याच्या देखत म्हणाला, तिच्याकडे न बघता. आत्यानं डोळ्याची पापणी हलवली नाही. मग कधीतरी तो म्हणाला की त्यानं स्वतः ओरडून मुलीला थांबवायचा प्रयत्न केला होता. मग एकदा, तो तिथे नव्हताच, नंतर धावत आला.

सिस्टरला फेऱ्यांची चटक लागली होती, ती बहुतेक रविवारी असायची. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मागच्या खेपेला तुम्ही वेगळं सांगितलंत."

"वेगळं कुठे?"

"मागच्या खेपेला तुम्ही ओरडत होतात. आज तुम्ही नव्हताच."

चार माणसं हसली. फोटोग्राफरच्या कपाळावर घाम होता, आणि सकाळ थंड होती. मी आत्याकडे पाहिलं. तिच्या तोंडाची ती घडी सुटली होती. इतकी गोड ती मला कधीच दिसली नव्हती, आणि मला तिची भीती वाटली.

त्यानं सगळे उपाय करून पाहिले. वाट बदलली. आत्या ठरल्या जागी रांगेतून बाजूला होऊन बोगद्याकडे चालू लागायची, आणि ही बाई कुठे निघाली म्हणून निम्मी माणसं तिच्या मागे. तिकीट नाकारलं. आत्या म्हणाली, "वाटेवर चालायला तिकीट लागतं का?" आणि विनातिकीट, विनाटोपी, वीस पावलं मागे चालत राहिली. त्यानं शिट्टी वाजवली की थांबायची, तो निघाला की निघायची. फेरीतली मुलं तिला हात करायची.

शेवटी तो आमच्या घरी आला. आत्या नाही अशी वेळ बघून आला होता. बाबांसमोर खुर्चीच्या टोकावर बसला. त्याचा गुबगुबीतपणा गेला होता.

"तुमच्या बहिणीला सांगा," तो म्हणाला. "काय हवं ते मागा म्हणावं. माहिती केंद्रात नोकरी देतो. पण हे थांबवा. मला शनिवारपासूनच धडधड सुरू होते."

बाबा भिडस्त. त्यांनी आत्याला सांगितलं, आणि स्वतःचं पदरचं घातलं, "ताई, पुरे कर. त्याच्याकडे बघवत नाही. किती दिवस चालवायचं असं?"

"माझे गेले तेवढे," आत्या म्हणाली.

"त्यानं तुझं भलं होणार आहे?"

"माझं भलं त्यानं कधीच केलंय. आता त्याचं मी करते." आणि तिनं भात वाढून घेतला.

माहिती केंद्राचं उद्घाटन पुढे ढकललं गेलं, अशी कुणकुण त्याच सुमारास आली. शहरात कुजबुज सुरू झाली होती. सिस्टर काही गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

मग एक दिवस ती मुलगी चष्म्याच्या दुकानात आली. मी आत्याचा डबा पोचवायला गेले होते, म्हणून मला हे सगळं बघायला मिळालं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मुलगी आता बाई झाली होती. दवाखान्यात एक्स-रे काढायची. चालताना एक खांदा किंचित खाली जायचा, एवढंच. आत्यानं तिला दारातच ओळखलं. काही न बोलता खुर्चीकडे हात केला. ती बसली. आत्यानं तिचा डावा डोळा झाकला आणि म्हणाली, "खालची ओळ वाचा."

मुलीनं वाचली. मग झाकलेल्या डोळ्यानंच म्हणाली, "बाई, मामाला झोप लागत नाही."

"मला लागते," आत्या म्हणाली. "आता लागायला लागलीय. वरची वाचा."

"त्याचं वजन उतरलंय. स्टुडिओ दुपारीच बंद करतो. तुम्ही थांबवा ना."

आत्यानं हात काढला. "तू मला हे सांगायला आलीस?"

मुलगी बराच वेळ मांडीवरच्या पर्सचा पट्टा गुंडाळत बसली. मग म्हणाली, "मला सगळं आठवतं, बाई. तेव्हाही आठवत होतं."

रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता. आत्या काउंटरला टेकून उभी राहिली.

"आई म्हणाली, पाय तर गेलाच, आता मामाही घालवू नकोस. बाबा गेल्यावर मामानंच आम्हाला सांभाळलं होतं. माझी फी तोच भरायचा. मी काय करणार होते?"

मला एक चमत्कारिक विचार आला. ती त्याची भाची आणि मी हिची. माझ्या आत्यासाठी मी काय बोलले असते, काय लपवलं असतं, हे मला सांगता येईना. पण आत्यासमोर असलं काही बोलायची सोय नव्हती.

"माझा रुमाल बांधला होता तुझ्या पायाला," आत्या म्हणाली. "तो आठवतो?"

"आठवतो. हिरव्या काठाचा."

"आणि तरी."

"हो," मुलगी म्हणाली. "आणि तरी." रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "तुमची माफी मागायला आले होते. ते आधी बोलायचं होतं, पण तोंडातून मामाचंच निघालं."

"माफी इथे मागून काय उपयोग? काय झालं ते मला ठाऊकच आहे," आत्या म्हणाली. "रविवारी ये."

"डोंगरावर?"

"दारापाशी. तिथे कुणीतरी विचारेल, काय झालं होतं. या वेळी मी त्यांना म्हणेन, हिला विचारा."

"मामा मरेल, बाई."

"कुणी मरत नाही. मी मेले का?"

ती गेल्यावर मी आत्याशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, त्या पायावर तिला डोंगर चढवणार आहेस? आत्या डब्याचं झाकण उघडत म्हणाली, "मी नाही चढवत. ती चढेल."

आणि ती आली. शेवटच्या बसथांब्यावर उतरली तेव्हा फोटोग्राफर टोप्या वाटत होता. तिला पाहून त्याच्या हातातल्या टोप्या तशाच राहिल्या. "तू कशाला?" तो म्हणाला. ती म्हणाली, "बरेच दिवस आले नव्हते." तो काय समजायचं ते समजला असावा. त्यानं फेरी रद्द करायला हवी होती, पण माणसं जमली होती, आणि माणसं जमली की त्याला मागे फिरता यायचं नाही.

चढ तसा सोपा आहे, पण सुट्या खडीवर तिचा पाय सरकत होता. मी हात पुढे केला. तिनं घेतला नाही. दोन ठिकाणी ती थांबली आणि घाम पुसला. आत्या तिच्या मागून चालत होती, मदत करत नव्हती आणि पुढेही जात नव्हती. फोटोग्राफरनं त्या दिवशी कर्ण्याला तोंड लावलं नाही.

दारापाशी आत्या दगडावर बसली नाही. तो दगड तिनं मुलीला दिला. मुलगी बसली, आणि तिनं सलवारीची कड थोडी वर करून पट्टा सैल केला. लोकांना कृत्रिम पाय दिसला. आता कुणाला विचारावंच लागलं नाही. सगळे गोल करून उभे राहिले.

"ही कोण?" तरी सिस्टरनं विचारलं.

"हिलाच विचारा," आत्या म्हणाली.

फोटोग्राफर पुढे झाला. "चल, घरी चल. तुला बरं नाही."

"मला बरं आहे, मामा," ती म्हणाली. मग लोकांकडे न बघता, जाळीतून आतल्या अंधाराकडे बघत बोलली. "मी इथे आत होते. मामा फोटो काढत होता. मी म्हटलं, बाई नको म्हणाल्यात ना. मामा, तू म्हणालास, बाईंना काय कळतं फोटोतलं. मग म्हणालास, अजून दोन पावलं मागे हो, उजेड चेहऱ्यावर येत नाहीये. मी झाले मागे. बाई तेव्हा त्या वळणावर होत्या, शंख दाखवत होत्या. मला त्यांचा आवाज येत होता."

तिचा आवाज बारीक होता. मागे उभ्या असलेल्या दोघातिघांनी माना पुढे काढल्या.

तेव्हा आत्या बोलली. तोच तिचा वर्गातला, स्वच्छ, न चढणारा आवाज. "पुन्हा सांग. मागच्यांना ऐकू गेलं नाही."

मुलीनं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, नाही सांगणार. पण तिनं सांगितलं. पहिल्यापासून, प्रत्येक वाक्य. फोटोग्राफर उभ्यानं तेही ऐकत होता. दुसऱ्यांदा ‘दोन पावलं’ आलं तेव्हा त्यानं गळ्यातला कॅमेरा काढला, शिट्टी काढली, दोन्ही दगडावर तिच्या शेजारी ठेवली आणि वाटेला लागला. कुणी त्याला थांबवलं नाही. आत्या वळणापर्यंत त्याच्याकडे बघत राहिली, तो दिसेनासा झाल्यावरही.

पुढचं सगळं भराभर झालं. सिस्टर आणि फेरीतली आणखी काही माणसं महापालिकेत गेली. माहिती केंद्राचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. शाळेनं आत्याला सत्काराला बोलावलं. आत्यानं निरोप पाठवला, सत्कार करायचा असेल तर सगळ्यांनी डोंगरावर यावं, आणि त्या मंडळींनी खरंच चप्पल-बुटांची दैना करून घेत चढाई केली. आत्यानं त्यांना खाणीजवळ उन्हात अर्धा तास उभं करून मुंग्या दाखवल्या. फेऱ्या पुन्हा तिच्या हाती आल्या. टोप्या बंद झाल्या.

मुलीच्या आईनं मुलीला घराबाहेर काढलं. दवाखान्याजवळ तिनं खोली घेतली, सामान हलवायला मी गेले होते. आत्या आली नाही. मी तिला विचारलं, "तिला एकदा भेटायला तरी जा. तिनं केवढं केलं तुझ्यासाठी."

"तिनं तिचं देणं दिलं," आत्या म्हणाली. "भेटायचं कशाला?"

"आणि तू तिला दुसऱ्यांदा बोलायला लावलंस ते?"

आत्यानं विचार केला. ती खोटं बोलायची नाही. "त्याची गरज नव्हती," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं होतं." एवढं बोलून ती भाजी निवडत राहिली, आणि मला पुढे काही विचारावंसं वाटेना. ती मुलगी आणि मी मात्र अजून भेटतो. ती आत्याबद्दल वाईट बोलत नाही, चांगलंही बोलत नाही.

फोटोग्राफरनं स्टुडिओ विकला आणि बहिणीकडे राहायला गेला. दोनेक वर्षांनी तो आजारी पडल्याचं कळलं. बहिणीनं निरोप पाठवला, त्याला बाईंना एकदा भेटायचंय. निरोप घेऊन आलेला माणूस आत्याच्या दारात उभा होता.

"कशासाठी?" आत्यानं विचारलं.

"ते सांगितलं नाही. एकदा यावं म्हणाले."

"बघते," आत्या म्हणाली. तो गेल्यावर तिनं दार लावलं, आणि ती गेली नाही. बाबांनी समजावलं, आईनं समजावलं. मीही एकदा म्हटलं. काही दिवसांनी तो गेल्याची बातमी आली.

त्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले तर ती खिडकीपाशी बसली होती. शनिवारची दुपार होती, खाली सायकलच्या दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं. मी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"नाही."

"मग?"

"मग काय? बरं वाटतं अजून. त्या दिवशीचं त्याचं तोंड आठवलं की बरंच वाटतं." थोड्या वेळानं ती म्हणाली, "शनिवारी मात्र चुकल्या-चुकल्यासारखं होतं. उद्या काय करायचं, कुठे उभं राहायचं, काय बोलायचं, हे सगळं शनिवारी ठरवायचे ना मी. आता काही ठरवायचंच नसतं."

मी म्हटलं, "उद्याच्या फेरीला माणसं किती आहेत?"

"असतील पंधरावीस," ती म्हणाली आणि बुटांना लागलेला चिखल खरवडायला घेऊन बसली.